आईच्या वाफा

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आईची पाळी थांबली आणि अंगातून वाफा सुरू झाल्या. भाकरी थापता थापता ती लालेलाल व्हायची आणि सुपानं वारा घ्यायची.

पलूसहून आम्ही सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो: आई, तिची सासू म्हणजे माझी आजी, आणि मी. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला दवाखान्यात छत्रीसारखं बरोबर नेत. बोलावं लागत नसे, ते मला सोयीचंच होतं.

"हार्मोनच्या गोळ्या देता येतील," बाई म्हणाल्या. "पण आधी सांगा, तुम्हाला किंवा आई-बहिणीला कधी छातीत गाठ? पायात रक्ताची गुठळी?"

"न्हाई," आई पटकन म्हणाली.

मी चपलांकडे पाहिलं. आईच्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मिरजेत झालं होतं. सासरी मात्र अपेंडिक्स सांगितलं होतं. माहेरचं दुखणं सासरी सांगायचं नाही, नाहीतर ते प्रत्येक भांडणात ताटात वाढलं जातं. शिवाय माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

बाईंनी चिठ्ठी लिहायला पेन उचललं. मी कविता पाठ म्हणावी तसं एका दमात म्हणाले, "डॉक्टर, हर मदर हॅड ब्रेस्ट कॅन्सर."

आजीला इंग्रजी कुठं कळतंय, असा माझा अंदाज.

पेन थांबलं. "मग या गोळ्या नकोत. आधी छातीची तपासणी करू. वाफांवर दुसरे उपाय आहेत."

दूध उतू घालवल्यावर बघते तशी आई माझ्याकडे बघत होती.

एसटी स्टँडवर आजीनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "कॅन्सरला मराठीत काय येगळं म्हणत्यात व्हय गं?"

आई पांढरी पडली. "आत्याबाई, ते..."

"मिरजंला बघाय गेलते न्हवं मी? पट्टी छातीला. अपेंडिक्स काय छातीत असतंय? पन डाक्टरला तरी सांगायचं हुतंस की, येडे!"

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मी? सुनंचं म्हायेर काढलं म्हनून वरीसभर त्वांड फुगवलं असतं हिनं!"

पलूसची गाडी फलाटाला लागली. एसटीत खिडकी कायम आजीची. त्यावर चर्चा नसे. आजीनं बाहेरूनच रुमाल टाकून ती धरली, आत आली आणि आईला म्हणाली, "बस हितं. वारं घे. माधवनगर पातूरच हां, मग माजी."

माधवनगर गेलं. आजी डोळे घट्ट मिटून झोपेचं सोंग घेऊन बसली होती.