वाकडी रेघ

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. नाहीतर हसताना ठसका लागायचा आणि खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. आधीच ह्या प्रकरणात कमी फुटलंय का?

मी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात आहे, हे तुम्हाला ठाऊकच. हंगामात फडोफडी हिंडायचं, उसाच्या रसाचा थेंब ब्रिक्सच्या मीटरवर घ्यायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजवा मीटरला लावायचा. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं. मधली रेघ ज्या आकड्यावर, तेवढी रसाची गोडी. त्यावरून मी सांगणार, कुणाचा ऊस पिकला, कुणाची तोड आधी आणि कुणी थांबायचं. अख्ख्या गटाचं नशीब माझ्या एका डोळ्यात! मग मान ताठ राहणार नाही तर काय? आता त्या मानेखालच्या रक्तात बरीच वर्षं साखर आहे, पण तिकडे कोण बघतो.

तर यंदा काय झालं, मीटरमधली रेघ वाकडी यायला लागली. मधेच खड्डा पडल्यासारखी. तडक गेलो स्टोअरला. तिथला पोपटराव म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस.

"पोपटराव, हा मीटर बाद. दुसरा द्या."

दिला. चार दिवस नाही झाले, त्याचीही रेघ वाकडी! तो टाकला, तिसरा घेतला. तोही तसलाच.

"साहेब, मीटर खाताय का काय?"

"अहो, कंपनीच चोर आहे! सगळा माल वाकडा!"

असं म्हणून मी तिन्ही मीटरांवर माझ्या हाताने खडूने 'बाद' लिहिलं आणि चौथा घेऊन निघालो. तोही वाकडाच निघाला, पण आता कुठे भांडत बसणार?

वाकड्या रेघेवर आकडा धरायचा कुठला? मी आपला खालचा धरायचो. त्यात सापडले आमचे शामराव आबा. त्यांच्या उसाला तुरा फुटला होता.

"आवं साहेब, तुरा आलाय आन् तुमी कच्चा म्हणताय?"

"मी नाही आबा, मीटर म्हणतोय."

"मग मीटर खोटं बोलतोय. म्या तर आठ दिस पाणीबी तोडलंय."

"आठ दिवस पाणी तोडून ऊस पिकत नाही. ते वर्षभराचं काम असतं. आणि मशीन कुणाचं पावणं नसतं, आबा!"

वा! काय बोललो! दिवसभर स्वतःवरच खूश होतो.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यावर डोळ्यांचं शिबिर लागलं. सांगलीहून डॉक्टर आल्या होत्या, सोबत कॅमेरा. ज्यांना साखर आहे त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा. तो कॉम्प्युटर वाचणार आणि अंदाज देणार, कुणाला उपचार लवकर लागतील आणि कुणाला थांबता येईल. मी तयारीनिशी गेलो. चार दिवस बिनसाखरेचा चहा, सकाळी कारल्याचा रस. रिपोर्ट झकास यायला पाहिजे ना!

हनुवटी टेकवली. चमकन उजेड पडला. रांगेत माझ्या मागे कोण असावं? शामराव आबा!

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काका, डाव्या डोळ्याला सध्या थांबता येईल, फक्त दर काही महिन्यांनी फोटो काढू. उजव्याच्या पडद्यावर मात्र सूज आहे. इंजेक्शन लवकर लागेल असा कॉम्प्युटरचा अंदाज आहे. मलाही तसंच दिसतंय."

"दंडाला ना?"

"डोळ्यात."

मी ताडकन उठलो. आणि तोंडातून काय निघावं? "मशीन खोटं बोलतंय!"

तिने शांतपणे परत फोटो काढला. उत्तर तेच.

"पण मी चार दिवस साखर सोडलीय!"

"काका, चार दिवसांत पडदा सुधारत नाही. हे वर्षांचं काम असतं."

मागून आबा नुसते खोकले.

मग तिने चौकटी आखलेला एक कागद माझ्या हातात दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितला. "रेघा कशा दिसतात?"

"वाकड्या! नीट छापून तरी घ्यायचा! आबा, तुम्हीच सांगा हिला."

आबांनी कागद पुढे-मागे केला. "सरळ हायत्या की साहेब. आखलेल्या सरीवानी."

मी कागद हिसकून घेतला. उजवा डोळा झाकला, रेघा सरळ. डावा झाकला, खड्डा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मीटरला रोज लागायचा तो उजवाच. दोन्ही उघडे असताना डावा सांभाळून घेत होता, म्हणून मला पत्ता नाही.

हसू नका आता. लय भ्यालो हो मी. कसंबसं विचारलं, "बाई, गेला का डोळा?"

"अजून नाही. म्हणून तर आत्ता सांगतेय. वेळेत उपचार घेतले तर आहे ती नजर टिकवता येते. थांबलात, तर मला शब्द देता येणार नाही."

इतकी वर्षं मी लोकांना बिनदिक्कत 'थांबा' म्हणत आलो. मीटरच्या ह्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे कधी मनात आलं नव्हतं. दुसऱ्याचा आकडा सांगताना मशीन देव, आणि आपला आला की ते बिघडलेलं!

आबांना सगळा प्रकार कळला होता. चारचौघांत माझी चांगली खरडपट्टी काढता आली असती त्यांना. पण म्हणाले काय, "साहेब, तुमची तोड पयल्या पाळीत आलीया. वशिला लावून मागं ढकलू नका. म्या येतो संगं सांगलीला."

"आबा, तुमच्या उसाचं..."

"ते बघू. आन् मशीन कुणाचं पावणं नसतं, साहेब!"

खरंच आले. सांगलीच्या दवाखान्यात आणखी तपासण्या झाल्या आणि मला टेबलावर घेतलं. मी असा बोंबललो की बाहेर आबा उठून उभे राहिले. तेव्हा नर्स म्हणाली, "काका, अजून नुसते थेंबच घातलेत!" सुई नंतर केव्हा गेली ते समजलंसुद्धा नाही.

आबांचा ऊस आमच्या दुसऱ्या माणसाने बघितला. केव्हाच पिकलेला! दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी त्यांच्या फडात. आबांना मी हात जोडले. माझी आणखी इंजेक्शनं झाली, रेघ आता बरीचशी सरळ दिसते. तरी मीटरला मी डावाच लावतो.

मग एक दिवस धीर करून स्टोअरला गेलो. "पोपटराव, ते बाद केलेले मीटर काढा. चांगले आहेत ते."

"ते व्हय? ते कवाच दुसऱ्या गटांना दिले. म्या बघितलं होतं, रेघ सरळ होती."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी ऐकून घेतलं असतं?" पोपटराव म्हणाला. "चांगला माल स्टोअरला जमा करत होता साहेब, आन् बिघडलेला भुवईखाली घालून रोज घरी नेत होता!"