नमुना म्हशीच्या पोटावरून घेतला

सरकारी नोंदीत ‘नमुना कोठून घेतला’ असा एक रकाना असतो. त्यात मी एकदा ‘म्हशीच्या पोटावरून’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटत नाही. वाटली असती तर हे लिहायला बसलेच नसते.

आम्ही कोल्हापूरचे गवळी. घरात आधी म्हशी, मग माणसं. आप्पा लवकर गेले आणि म्हशी आव्वानं सांभाळल्या. आव्वा म्हणजे माझी आई, आमच्यात आईला तशीच हाक मारतात. संध्याकाळी ती म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायची. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं, आव्वा त्याच्या डोळ्यांदेखत धार काढणार, फेस काठावर आला की ग्लास थेट तोंडाला. त्या धारेवर मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. निकाल लागला तेव्हा आव्वानं गल्लीत बासुंदी वाटली. पेढे दुकानदार वाटतात, असं तिचं म्हणणं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मला हंगामी नोकरी लागली. सहा-सहा महिन्यांची ऑर्डर. नाल्यावर, नदीवर जायचं, बाटलीत पाणी भरायचं, चिठ्ठी चिकटवायची, लाखेनं सील करायचं आणि प्रयोगशाळेला पाठवायचं. बायका आव्वाला विचारायच्या, “पोरगी सरकारात काय करती?”

“पाणी भरती,” आव्वा सांगायची. “तुमीबी भरताय, पण तुमाला कोण पगार देतंय?”

एका उन्हाळ्यात शहरातल्या एका कारखान्याची तेलाची टाकी फुटली. भट्टीत जाळायचं काळं, दाट तेल. ते गटारातून नाल्यात उतरलं आणि नाला डांबरासारखा दिसायला लागला. सरकारनं साफसफाईला ठेकेदार नेमला आणि देखरेख आमच्या कार्यालयाकडं दिली. पद्धत आपल्या भागातलीच होती. गुऱ्हाळावरचं उसाचं वाळलेलं चिपाड पोत्यांत भरायचं आणि त्या पोत्यांचा नाल्यात आडवा बांध घालायचा. चिपाड तेल पितं, पाणी पुढं सोडतं. पोती काळी झाली की काढायची, नवी घालायची. पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. मजूर कमरेएवढ्या काळ्यात उभे राहून पोती ओढायचे, त्यांनाही नाही. नावं ठेवायची ती देखरेखीला.

देखरेख पुलावरून चालायची. आमचे साहेब जीपमधून उतरायचे, नाकाला रुमाल लावायचे, कठड्यावरून वाकून बघायचे आणि “हं” म्हणायचे. मीही त्याच पुलावरून दोरीला बाटली बांधून खाली सोडायची, कारण नमुन्याचं मंजूर ठिकाण तेवढंच होतं. बांध पुलाच्या वरच्या अंगाला. त्यामुळं पुलाखाली येणारं पाणी गाळूनच यायचं. थोड्या दिवसांत माझ्या बाटल्या स्वच्छ निघायला लागल्या आणि साहेब खूश झाले.

पण बांध पडायच्या आधीच जे तेल पुढं गेलं होतं त्याचं काय? ते पुलाच्या खालच्या अंगाला, नाला नदीला मिळतो तिथल्या वळणावर जलपर्णीत अडकून बसलं होतं. आणि तिथंच आमच्या म्हशी बसायच्या. घाटावर म्हशींना मज्जाव, नदी उन्हाळ्यात आटलेली, उरलं ते वळण. चैत्राच्या उन्हात म्हैस पाण्यात बसली नाही की ती तापते आणि दूध चोरते. तिला दावणीला बांधून ‘अजून महिनाभर थांब’ असं सांगायची सोय नसते. म्हशी जायच्या आणि पोटाला, कासेला काळं माखून परत यायच्या.

आव्वा कास साबणानं धुवायची, मग पिठानं घासायची, परत साबण. तरी वास राहायचाच. कट्ट्यावर एक पैलवान होता, वर्षानुवर्षं आमच्याच म्हशीचं दूध पिणारा. त्यानं ग्लास नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आव्वा, ही म्हैस हाय का राकेलची टाकी?”

“टाकी असती तर तुला पाजली असती का रं? राकेल म्हाग झालंय.”

कट्टा हसला. पैलवानही हसला. पण ग्लास त्यानं अर्धाच पिऊन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या म्हशीपाशी जाऊन उभा राहिला. आव्वानं त्याच्याकडं बघितलंही नाही. चार दिवसांत आमच्यासमोर तीनच माणसं उरली, त्यातला एक आमचा घरमालक.

घरी आल्यावर तिनं मला धरलं. “तू सरकारात हायस न्हवं?”

“हाय.”

“मग सरकारला दिसंना व्हय?”

“बाटलीत येत नाही, आव्वा. बाटली आम्ही पुलावरनं सोडतो.”

“आन् त्याल खाली वळणावर.”

“हो.”

“मग खाली जाऊन भर की! हात मोडलेत काय सरकारचे?”

मी खाली जाऊन भरली. कार्यालयाची सायकल काठावर टाकली, चिखलात उतरले, बाटलीत अर्धं पाणी आणि अर्धं तेल घेऊन वर आले. साहेबांनी बाटली हातातही घेतली नाही. “मॅडम, पुलाच्या खाली आपलं ठिकाण नाही. नाला एका खात्याचा, नदी दुसऱ्या खात्याची. तिथला नमुना लॅब घेणार नाही.”

“पण तेल आहे ना, साहेब?”

“तुम्हाला दिसतंय म्हणून असत नाही. अहवालात आलं तर असतं.”

लॅबनं खरोखरच बाटली परत पाठवली. मंजूर ठिकाण नाही, एवढाच शेरा. त्यातच कळलं की मुख्यालयातून मोठे साहेब येणार आहेत. ते पुलावरून बघणार, काम पूर्ण झाल्याचं लिहिणार आणि लगेच ठेकेदार बांध उचलून गाशा गुंडाळणार. एकदा ते लिहिलं गेलं की वळणावरचं तेल आमच्या म्हशींनीच पुसून काढायचं होतं.

मी आव्वाला सगळं सांगितलं. सरकारी माहिती घरात सांगितली असं पुढं माझ्यावर लिहून आलं. ते खरं आहे. नाल्यात तेल आहे ही माहिती सरकारी कधीपासून झाली ते मात्र मला कुणी सांगितलं नाही.

आव्वा जेवत होती. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, “पुलावरचंच चालतंय म्हणतीस?”

“पुलावरचंच.”

“मग पुलावर आणतो की. त्यात काय एवढं?”

मोठे साहेब आले त्या सकाळी बांधावर नवंकोरं चिपाड पसरलं होतं. पिवळंधमक. वरून बघितलं तर नाल्यात कुणी मळणी घातलीय असं वाटावं. आमचे साहेब कठड्याशी उभे राहून हात करून दाखवत होते, मी बाटल्यांची पेटी घेऊन मागं. तेवढ्यात पुलाच्या खालच्या टोकाला हॉर्न वाजायला लागले.

वळणावरनं आव्वा म्हशी घेऊन वर आली होती. पोटापर्यंत काळ्या, चकचकीत, आणि पोळ्यातून मध गळावा तसं त्यांच्या अंगावरनं तेल गळत होतं. म्हैस मुळात काळी, त्यामुळं लांबून काही कळत नव्हतं. जवळ आल्यावर वासानंच दोन्ही साहेब मागं सरकले. रिक्षा अडल्या, मोटारसायकली अडल्या.

“ओ बाई, म्हशी बाजूला घ्या!” आमचे साहेब ओरडले.

“कशापायी? त्यास्नीबी देखरेख करू द्या की!” आव्वा म्हणाली. “तुमी वरनं बगताय, त्या आतनं बगून आल्यात.”

एक रिक्षावाला गाडीतूनच ओरडला, “सायेब, जरा हात लावून बगा, पॉलिश केल्यागत वाटतंय!”

साहेब माझ्याकडं वळले. दात आवळून म्हणाले, “मॅडम, तुमच्या ओळखीच्या आहेत का या?”

“आई आहे माझी,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मग पेटी खाली ठेवली, पांढरा गाळणकागद काढला आणि थोरल्या म्हशीच्या पोटावरून फिरवला. कागद काळा झाला. दुसरा फिरवला, तोही काळा. दोन्ही रुंद तोंडाच्या बाटलीत घातले, झाकण लावलं आणि लाख वितळवायला काडी ओढली.

“हे काय चाललंय?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नमुना घेतेय, सर.”

“म्हशीचा?”

“नाल्याचा. म्हैस फक्त घेऊन आली.”

आमचे साहेब पुढं आले. “सर, हे नियमात बसत नाही. नमुना मंजूर ठिकाणीच...”

“हेच मंजूर ठिकाण आहे,” मी म्हणाले. “पूल. आपण पुलावरच उभे आहोत.”

चिठ्ठीवर ठिकाण ‘पूल’ आणि नोंदीत ‘म्हशीच्या पोटावरून’ असं लिहून मी सही केली, आणि साक्षीदार लागतात म्हणून रिक्षावाल्याला बोलावलं. त्यानं नाव लिहिलं, सही केली आणि विचारलं, “म्हशीचा अंगठा घ्यायचा न्हाई का?” मोठे साहेब हसले नाहीत, पण त्यांनी बाटली उचलून उन्हात धरली. मग पहिल्यांदाच ते पुलाच्या दुसऱ्या कठड्याशी गेले आणि खालच्या अंगाला बघायला लागले. बराच वेळ बघत होते. आव्वा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून वाट अडवून उभी होती आणि मागचे हॉर्नही हळूहळू थांबले होते.

काम पूर्ण झाल्याचं त्या दिवशी लिहिलं गेलं नाही. लॅबनं बाटली तपासली, तेल निघालं, आणि नदीपर्यंत सफाई करा असा आदेश आला. ठेकेदाराची पोती वळणावर उतरली. देखरेखीला आव्वा काठावर बसायची. जलपर्णी मुळासकट काढा, तिथं कोपऱ्यात राहिलंय, ते पोतं भरलंय, बदला. मुकादम वैतागला. “आव्वा, तुमी सरकार हाय का?”

“सरकार माझ्या पोटाला आलंय,” ती म्हणायची.

ते सरकार त्या महिन्यात घरी बसलं होतं. माझी ऑर्डर संपत आली तेव्हा साहेबांनी एक कागद पुढं केला होता. घरच्या स्वार्थापोटी म्हशी आणवल्या, त्याबद्दल दिलगीर आहे, अशा अर्थाचं मी लिहून द्यायचं, मग ऑर्डर वाढेल. मी तोच कागद घेतला आणि लिहिलं, म्हशी आमच्याच आहेत, तेल आमचं नाही. ऑर्डर वाढली नाही. मला दुसरी नोकरी मिळायला वर्ष गेलं आणि ते वर्ष सोपं नव्हतं, हेही सांगते. पण तो कागद मी आजही तसाच लिहीन.

ऊन ऐन भरात असताना आमचे साहेब एक दिवस वळणावर आले. जीप वर रस्त्यावर, ते एकटेच उतारावरनं चालत. पाणी दिसायला बरं होतं, म्हशी अजून घरातच होत्या. आव्वाबरोबर मीही काठावर बसले होते, ते माझ्यापाशी येऊन थांबले. “मॅडम, आता काम पूर्ण झाल्याचं लिहायला हरकत नाही ना?”

“मला कशाला विचारता? मी तुमच्याकडं नाही. आव्वाला विचारा.”

आव्वानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “पावणं, पाय बुडवा की.”

“काय?”

“पाय. माझ्या म्हशी रोज समदं अंग बुडवणार हायत. तुमी पाय तरी बुडवा.”

मजूर हातातलं काम टाकून बघायला लागले. साहेबांनी एकदा वर जीपकडं बघितलं. मग बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, पँट वर दुमडली आणि काठाचा चिखल तुडवत पाण्यात गेले. घोट्याच्या वर पाणी आलं तसे थांबले. मग वळून बाहेर आले.

घोट्याभोवती काळं कडं उमटलं होतं. त्यांनी रुमालानं पुसलं तर ते आणखी पसरलं.

“न्हाई जायाचं ते रुमालानं,” आव्वा म्हणाली. “पीठ लागतंय. घरी बाईसायबास्नी सांगा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी मुकादमाला हाक मारली, कोपऱ्यातली पोती बदलायला सांगितली, आणि बूट हातात धरून तापलेल्या उतारावरनं अनवाणी जीपकडं गेले.