अण्णांचा एकच संघ

सकाळचा सराव आटोपला की अंबादासअण्णा मैदानाच्या कठड्यावर मोबाईल टेकवून अमेरिकेतला बास्केटबॉलचा सामना लावत आणि आम्हांला पाणीही पिऊ न देता निकाल सुनावत, ‘‘हा खरा गडी! सगळं आयुष्य एकाच टीममधी. तो दुसरा बघ, नुसता भाड्यानं ऱ्हातोय!’’

तो दुसरा म्हणजे जगात गाजलेला खेळाडू. संघ बदलत गेला आणि जाईल तिथं करंडक उचलला. मी त्याचा भक्त. ‘‘अण्णा, नव्या ठिकाणी जाऊन जिंकणं सोपं आहे का?’’ असं म्हटलं की अण्णा भडकायचे. ‘‘भरल्या ताटावर कोण बी बसंल बे! हरणाऱ्या टीममधी टिकून दाखव की!’’ हरणाऱ्या संघात टिकण्याचा आम्हांला दांडगा अनुभव होता.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात मुकादम आणि सकाळ-संध्याकाळ आमचे प्रशिक्षक, तेही फुकट. रिंगच्या जाळ्यासुद्धा कारखान्यातल्या टाकाऊ सुतापासून त्यांनी स्वतः विणलेल्या. एका मोठ्या क्लबनं त्यांना पगारावर बोलावलं होतं, पण हे गेले नाहीत. असल्या माणसाशी निष्ठेवर काय कपाळ वाद घालणार!

आणि एक दिवस पुण्याच्या क्लबनं त्यांच्याच लेकीला, सुजाताला, बोलावलं. शिक्षण, राहणं, खाणं, सगळं क्लबचं. आमच्या मुलींच्या संघात बास्केट करणारी ती एकटीच. बाकीच्या नुसत्या पळायच्या. अण्णा भर मैदानात ओरडले, ‘‘जायचं न्हाय! अण्णाची पोरगीच टीम सोडून पळाली म्हणतील लोक!’’ सुजाता मान खाली घालून रडायला लागली. आम्ही बांधलेल्याच बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत बसलो.

पद्माकाकू, म्हणजे अण्णांची बायको, तेवढ्यात त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा कठड्यावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘मी बी माझी टीम सोडूनच हितं आले की, लगीन करून. मला कुणी पळाली म्हणालं न्हाय. तवा तर तुमी वाजतगाजत आणलं.’’

अण्णांनी डबा उचलला आणि कारखान्याची वाट धरली. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः सुजाताची बॅग उचलून एसटी स्टँडवर गेले. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

वर्षभरानं आमच्याच मैदानावर स्पर्धा झाली आणि आमच्या मुलींसमोर नेमका सुजाताचा संघ आला. आमच्या मुली त्या दिवशी अंगात आल्यासारख्या खेळल्या. सामना संपत आला तरी बरोबरी! अण्णा बाकावर बसायलाच तयार नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्या संघाला हरवायची वेळ आली होती. आणि शेवटच्या क्षणी सुजाताला फ्री थ्रो मिळाला, म्हणजे कुणी आडवं न येता एका गुणासाठी चेंडू टाकायची संधी. झालं! सगळ्या मैदानानं तिची हुर्यो सुरू केली. मीही, घसा बसेपर्यंत. तिनं चेंडू उचलला, पण कोपर बाहेर गेलेलं.

‘‘गप बसा रे सगळे!’’ आमच्याच बाकाजवळून आवाज आला. ‘‘सुजे, कोपर आत घे! कोपर!’’

तिनं कोपर आत घेतलं. बास्केट झाली. आम्ही एका गुणानं हरलो.

मी तणतणत अण्णांकडे गेलो. ‘‘काय केलं हे अण्णा? हरलो की आपण!’’

खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसत ते म्हणाले, ‘‘हरलो की. लई वाईट झालं.’’ मग माझा दंड गच्च धरला. ‘‘पर शॉट बघितलास का बे?’’