आधी गाव, मग वस्ती

"ही तर आमच्या पाणीवाल्याची पोर!"

दादा सर्व्हर रूमच्या दारातून आत आला आणि हे म्हणाला. पायात चप्पल तशीच. चप्पल-बूट बाहेर काढा, असा बोर्ड त्या दारावर मी स्वतः लावलाय. साहेब लोकही काढतात. त्यानं बोर्डाकडं बघितलंसुद्धा नाही.

खोलीत आमचे आयटी मॅनेजर साहेब होते, एचआरचे दोघं होते. ते सगळे उभे आणि मी खुर्चीत, कारण काम माझं चाललेलं. तेही त्याच्या डोळ्यात खुपलं असणार.

"हिचा बाप आमच्या गावात पाण्याचा व्हॉल्व्ह खोलायचा," तो साहेबांना सांगायला लागला. "आता पोरगी हितं नेटचा व्हॉल्व्ह खोलती. खानदानी धंदा हाय."

साहेब हसले. एचआरचे दोघं हसले. मीही हसावं म्हणून साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. हसले असते तर बरं झालं असतं त्यांच्या दृष्टीनं. माझ्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं होतं. मी स्क्रीनकडं बघत राहिले.

दादा म्हणजे आमच्या गावच्या आप्पांचा पोरगा. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अंगाला आमचं गाव. नदीपलीकडं दौंड तालुका. गावातला निम्मा ऊस आप्पांचा. सोसायटी त्यांची, ग्रामपंचायत त्यांची. आणि रांजणगावच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथं कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवायचं काम दादाचं. बसगाड्याही त्याच्या, कॅन्टीनही त्याच्या मेव्हण्याचं. आम्ही बौद्ध. गाव आम्हाला अजून जुन्याच नावानं ओळखतं. हल्ली तोंडावर म्हणत नाहीत, एवढीच सुधारणा.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कंपनीत इंटरनेट एका पेटीतून आत येतं. तिला फायरवॉल म्हणतात. कुणाला नेट किती वाजता मिळायचं आणि किती वाजता तोडायचं, ते या पेटीत ठरतं. माणसांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेळ लावायची. मी लागले तेव्हा गट पाडलेलेच होते. साहेब लोकांना दिवसभर. परमनंट कामगारांना शिफ्टभर. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. वेळ संपली की स्क्रीनवर लाल पाटी येते, 'आपल्या गटाची वेळ संपली आहे.' पहिल्या दिवशी ते गट पाहिले तेव्हाच मला आमच्या गावची टाकी आठवली होती.

आता हेड ऑफिसचं पत्रक आलं होतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या जुन्या माणसांतून काही जण परमनंट घ्यायचे. त्यासाठी ऑनलाइन टेस्ट. ट्रेनिंग रूममधल्या कॉम्प्युटरवर, ज्यानं त्यानं आपल्या नावानं लॉगिन करून द्यायची. सकाळी अकरा ते एक. मोबाइल गेटवर जमा होतात, त्यामुळं दुसरी वाट नाही. परमनंटवाल्यांचीही वरच्या ग्रेडची टेस्ट त्याच वेळी होती. त्यांचं नेट चालूच असतं. कॉन्ट्रॅक्ट गटाची वेळ मात्र त्या दिवशी आधीपासून खोलून ठेवावी लागणार होती. साहेबांनीच मला तसं सांगितलं होतं.

पॅकिंग लाइनवर मंदा नावाची बाई आहे. जालन्याकडची. सणसवाडीत खोली करून राहते. पोरगी गावाकडं आईजवळ ठेवलीय. परमनंट झाली की पोरीला घेऊन येणार, हे तिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं. टेस्टच्या प्रश्नांच्या झेरॉक्स ती डब्यासोबत उघडायची. भाजीचे डाग पडलेले त्यांवर.

"ताई, त्या दिवशी आमचं नेट चालंल ना?" तिनं मला विचारलं होतं.

"चालंल," मी म्हणाले होते.

आणि टेस्टच्या आदल्या दिवशी दादा चप्पल घालून सर्व्हर रूममध्ये उभा. माणूस परमनंट झाला की दादाच्या हाताखालून सुटतो. मग त्याला दादाच्या बसमध्ये उभं राहावं लागत नाही, त्याच्या मुकादमाच्या शिव्या ऐकाव्या लागत नाहीत. दादाला ते कसं परवडेल?

"कॉन्ट्रॅक्टचं टायमिंग बदलायचं नाही उद्या," साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले. "आहे तसंच राहू दे."

"मग टेस्ट उघडणार नाही त्यांची."

"सुट्टीत उघडंल की नेट," दादा म्हणाला. "रोज उघडतंयच."

"सुट्टी होईस्तोवर टेस्ट बंद होणार, साहेब."

"तुला काही करायचंच नाहीये," साहेब म्हणाले. "बंद कर म्हणतोय का मी? फक्त खोलू नकोस."

दादा जाता जाता हसला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारून गेला. "पाणीवाल्याच्या पोरीला सांगाय लागत न्हाई. आधी गाव, मग वस्ती. बापानं शिकवलं आसंल."

हे शब्द त्यानं मुद्दाम काढले. तो तिथं होता. मीही होते.

माझे वडील, नाना, ग्रामपंचायतीचे पाणीवाले. खांद्यावर लोखंडी चावी घेऊन गावभर फिरायचे. माणसाच्या कमरेएवढी उंच, वर आडवी दांडी. ती खड्ड्यात घालून फिरवली की त्या आळीला पाणी सुटायचं. ठरलेला क्रम. आधी आप्पांची आळी, मग पेठ, मग माळ्यांची घरं आणि सगळ्यात शेवटी आमची वस्ती. तोवर टाकीचा तळ लागायचा. आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही गढूळ. चावी आमच्या घरात, कोपऱ्यात उभी. आणि आमचीच घागर अर्धी. वस्तीतल्या बायका नानांना टोमणे मारायच्या. नाना खाली मान घालून जायचे.

एकदा चुलते वारले. दारात मयत, पाहुण्यांनी घर भरलेलं आणि मयताला आंघोळ घालायला पाणी नाही. नाना उठले. चावी घेतली आणि त्या एका सकाळी त्यांनी वस्तीचा व्हॉल्व्ह आधी फिरवला. आमच्या नळाला पहिल्यांदा जोरात पाणी आलं. आवाज करत आलं. मी ओंजळ धरली तर ओंजळीतून उडून तोंडावर आलं. घरात मयत असताना मला आनंद झाला होता.

आप्पांचं बोलावणं लगेच आलं. मी नानांचं बोट धरून गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आप्पा बसलेले, चारसहा माणसं आजूबाजूला. बाजूला मोटरसायकलवर दादा बसलेला, मिसरूड फुटायच्या वयाचा.

"पाणी तुझ्या बापाचं हाय व्हय रं?" आप्पांनी विचारलं.

"घरात मयत हाय, आप्पा."

"मी काय ईचारलं?"

"चुकलं, आप्पा."

आप्पांनी चावी मागून घेतली. जरा वेळ मांडीवर ठेवली. मग ती नानांच्या हातात दिली नाही, खाली टाकली. फरशीवर खणकन वाजली.

"उचल. आधी गाव, मग वस्ती."

नाना वाकले. त्यांचं डोकं माझ्या डोक्याच्या खाली गेलं. मी लहान होते, बापाचं डोकं कधी वरून पाहिलं नव्हतं. टोपीच्या कडेला घाम आलेला दिसला. दादा मोटरसायकलवर हसला. ते हसू मी विसरले नाही आणि त्या दिवशी सर्व्हर रूममध्ये ते तसंच्या तसं पुन्हा ऐकलं.

दादा गेल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, मेल करा."

"कसला मेल?"

"टेस्टच्या वेळेत कॉन्ट्रॅक्टचं नेट खोलू नये, असा. मला पुरावा लागेल."

त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नाही, असं मी आजवर समजत होते. पुण्याहून येतात, सगळ्यांशी गोड बोलतात. "असल्या गोष्टी मेलवर नसतात," ते म्हणाले. "तुला इथं नोकरी करायचीय ना? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतेस?"

आमच्या इकडं हीच पद्धत आहे. चांगल्या कामाचा मेल चार जणांना जातो. वाईट काम तोंडी सांगतात आणि ते खालच्याच्या हातानं होतं.

मी घरी नानांना फोन केला. नाना म्हणतील, पोरी, भिऊ नको. असं मला वाटलं होतं.

"दादाला नमस्कार कर आन् गप ऱ्हा," नाना म्हणाले. "तुझ्या नोकरीवर घर हाय."

"तुम्ही गप राहिलात, त्याचं काय झालं?"

"मी वाकलो म्हून तू शिकली."

मला राग आला. "तुम्ही वाकलात तवा मी तिथं हुते, नाना."

त्यांनी फोन ठेवला. त्यांचं खरं होतं, ते वाकले म्हणून मी दौंडला डिप्लोमाला गेले. पण त्यांच्या वाकण्याची फी मी कुणाकुणाकडून वसूल करायची? मंदाकडून? नानांचा राग, आप्पांचा राग, त्या हसणाऱ्या साहेबांचा राग, सगळा एकत्र झाला. आणि त्यात माझं ठरलं.

टेस्टच्या दिवशी सकाळी मी माझ्या नावानं लॉगिन केलं. कॉन्ट्रॅक्ट गटाला साहेब लोकांच्या गटाची वेळ लावली. दिवसभर. सेव्ह केलं. कोण काय बदलतो ते त्या पेटीत नावासकट राहतं. राहू दे म्हटलं. माझ्या बापानं चोरून खोललं नव्हतं, मीही चोरून खोलणार नव्हते.

दादा ट्रेनिंग रूममध्ये मजा बघायला बसला होता, हे मला नंतर कळलं. लाल पाटी आली की कॉन्ट्रॅक्टवाले उठून जाणार आणि एचआर लिहिणार की यांना इच्छाच नाही. पाटी आली नाही. मंदा आणि बाकीचे खाली मान घालून टेस्ट देत होते.

साहेब जवळजवळ पळत आले.

"बंद कर."

"मेल करा, साहेब."

"मी सांगतोय ना?"

"पासवर्ड तुमच्याकडंबी हाय. तुम्ही करा."

ते माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसले. लॉगिनसुद्धा केलं. त्यांना सगळं येतं. एक बटण दाबलं की टेस्ट बंद. पण बंद करणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव लागणार होतं. माउसवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि कपाळ पुसत बसून राहिले. तेवढ्यात दारात दादा आला. लालबुंद झालेला.

"माजलीस व्हय गं? बापाला ईचार, चावी कशी उचलायची."

माझी आई त्याच्या अंगणात आजही चप्पल काढून जाते. पाय पोळले तरी. मला एकदम तीच आठवली, आणि त्याचा पाय उंबऱ्यावर होता.

"दादा," मी म्हणाले, "चप्पल भाईर काढा. मग आत या. बोर्ड लावलाय."

दादानं बोर्डाकडं पाहिलं. पहिल्यांदा वाचला असेल. तो चप्पल काढेना आणि आतही येईना. तिथंच उभा राहून शिव्या दिल्या. माझ्या जातीवरून दिल्या, आईवरून दिल्या. साहेब भिंतीकडं बघत होते. मी खुर्चीतून उठले नाही. शिव्या देऊन तो गेला.

टेस्ट पूर्ण झाली. याच्यापुढं सांगण्यासारखं चांगलं काही नाही. निकाल अजून लावलेला नाही. हेड ऑफिसकडून यायचाय, म्हणतात. मंदा मला कॅन्टीनमध्ये ओळख देत नाही. माझ्याशी बोलणाऱ्यांची नावं मुकादम दादाला सांगतो, म्हणून ती घाबरते. मला वाईट वाटतं, पण तिच्यावर राग नाही. पोरगी तिची गावाकडं वाट बघतीय, माझं तसं नाही.

फायरवॉलचा माझा पासवर्ड काढून घेतला. बसायला स्टोअरच्या कोपऱ्यात टेबल दिलं. परवा तिथल्या कॉम्प्युटरवर माझ्या नावानं लॉगिन केलं तर समोर लाल पाटी. 'आपल्या गटाची वेळ संपली आहे.' मी परमनंट असून मला कॉन्ट्रॅक्टच्या गटात टाकलंय. साहेबांनी हे मात्र स्वतःच्या हातानं केलं असणार, कारण पासवर्ड आता फक्त त्यांच्याकडं आहे.

काल एचआरच्या त्या दोघांनी बोलावलं. चहा मागवला. राजीनामा दे, म्हणाले, अनुभवाचं सर्टिफिकेट चांगलं देतो, कुठंही नोकरी लागेल. दादांचंही मन मोठं आहे, ते विषय वाढवणार नाहीत. छापलेला कागद त्यांनी टेबलावरून माझ्याकडं सरकवला. नुसती सही करायची होती. कागद सरकता सरकता टेबलावरून खाली पडला, माझ्या पायाशी. मुद्दाम पाडला नसेल. पण दोघंही थांबले. मी वाकून उचलीन, याची वाट बघत होते.

मी चहा संपवला. कागद तिथंच राहू दिला.

मी राजीनामा देणार नाही. रोज येणार, स्टोअरच्या कोपऱ्यात बसणार, लाल पाटीसमोर बसणार. दादाच्या शिव्यांची तक्रार पोलीस स्टेशनला देणार, त्यात साहेबांचं नाव साक्षीदार म्हणून घालणार. त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी सांगावं. येत्या ग्रामसभेत उभी राहणार आणि विचारणार, वस्तीचा व्हॉल्व्ह अजून शेवटी का? नाना आले तर बरं, नाही आले तरी जाणार.

आणि कंपनीला मला काढायचंच असेल, तर मेल करा. कारण लिहा. खाली स्वतःचं नाव घाला.