शेळ्या राखणाऱ्याचा बंदुकीचा गेम

पूर्णा स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात शेळ्या राखणारा एक माणूस एकट्यानं खेळायचा बंदुकीचा गेम निवडत होता. त्यानं विचारलं नव्हतं, तरी मी त्याला ग्राफिक्स आणि कथानकावर व्याख्यान दिलं. मान डोलावून तो गेम खेळून बघायला लागला. शेळ्या गावी होत्या, तरी दर थोड्या वेळानं तो सवयीनं मान वर करून रस्त्याकडे बघायचा आणि तेवढ्यात गेममध्ये मरायचा. असे दोन गेम त्यानं नापास केले. तिसरा मात्र कोपऱ्यातल्या पॉजच्या बटणाला बोट लावताच थांबला. बंदुका रोखलेली अख्खी फौज तशीच उभी ठेवून त्यानं रस्ता निवांत न्याहाळला.

"ह्योच टाका," तो दुकानदाराला म्हणाला. "ह्यातले दुश्मन लय समजदार हायेत. मी शेळ्या बघस्तोवर थांबतेत."