एकतीस नंबरचं बारसं

मला कामात मधे कुणी बोललेलं खपत नाही. बायको म्हणते, तुमचं डोकं म्हणजे बॉयलर हाय, नुस्ता व्हॉल्व्ह बसवायचा राहिलाय. असेल. उमेदीची सगळी वर्षं छोट्या रेल्वेच्या इंजिनांत डोकं घालून गेली, गोड बोलायला शिकायचं कुणाकडून? अशा माणसासमोर एक म्हातारी दर गुरुवारी येऊन बसायला लागली, तर दुसरं काय होणार!

त्याचं असं झालं. लातूरच्या जुन्या यार्डात एकतीस नंबरचं वाफेचं इंजिन वीस-बावीस वर्षं बाभळीत गंजत पडलं होतं. ते पुन्हा जिवंत करून अर्धा किलोमीटर रुळावर लोकांना फिरवायचं ठरलं. कामाच्या प्रमुख बुद्धप्रिया मॅडम, हदगावकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी मला औशाहून शोधून आणलं. "संगमेश्वरकाका, हे इंजिन आतून बघितलेला जिता माणूस तुम्ही एकटेच," म्हणाल्या. आता यावर माणूस फुगणार नाही तर काय?

म्हातारी म्हणजे रेणापूरच्या केवळाबाई. नवरा तरणाच गेलेला, पोरबाळ नाही. दोन एकरांत तूर, सोयाबीन काढत एकटीनं पंचाहत्तरी गाठली. आमचे ड्रायव्हर भुजंगराव हे त्यांचे धाकटे भाऊ, एकुलते एक. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. एकतीस नंबर त्यांचंच इंजिन, दुसऱ्याच्या हाताखाली ते नुसतं कुथायचं. भुजंगरावांकडं दोन फुटी पाना होता. त्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचे, दुसरं स्वतःच्या कानाला, आणि आत कुठं दुखतंय ते बरोब्बर सांगायचे. मी कैकदा तसं करून बघितलं. मला खडखडीशिवाय काही ऐकू आलं नाही.

तर ही बाई सकाळच्या एसटीनं यायची, रुळाखालच्या लाकडी स्लीपरवर बसायची, भाकर-ठेचा सोडायची आणि विचारायची, "पेटवणार कधी?"

"आक्का, चूल न्हाई ती! पेटवणार कधी म्हनं."

"मला कळंना व्हय? तारीख सांग."

तारीख कशाला पाहिजे, ते सांगायची नाही. मी वैतागायचो. भाकर मात्र खायचो.

शेवटी फाल्गुनात आम्ही आग घातली. तास गेला, दोन गेले, तीन गेले. मग इंजिनाच्या पोटात कुठंतरी गुडगुडलं. लोखंड तापून बोटं मोडल्यासारखं कडकडायला लागलं. दाबाचा काटा हलला, थांबला, परत हलला. मी शिट्टीची साखळी ओढली आणि काय सांगू! यार्डातली सगळी कबुतरं उठली, पलीकडच्या रस्त्यावर ऑटो थांबले. ही शिट्टी मी हजारदा ऐकलेली, तरी साखळी सोडवेना. वीस वर्षं मेलेलं काहीतरी माझ्या हाताखाली श्वास घेत होतं. मी चप्पल काढून हात जोडले. वेल्डिंगवाल्या पोरांनी पण जोडले, कुणी हसलं नाही.

केवळाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. "आज जल्मली. बाराव्या दिवशी बारसं. मी आत्या."

मला हसू आलं. मॅडमनी शांतपणे समजावलं, "आजी, नाव ठरलंय. लोकांनी मोबाईलवर मतं दिलीत, 'मराठवाड्याची राणी'. पितळी पाटी ओतायला गेली."

"ऱ्हाऊ द्या की. ते पत्रिकेतलं झालं. हाक मारायचं आत्या ठेवती."

"पण गरम इंजिनाजवळ बाहेरच्या माणसाला सोडता येत नाही, आजी."

"बघू," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागल्या.

आम्हीही रोज इंजिन तापवून बघत होतो. अकराव्या दिवशी सकाळी बॉयलरच्या एका नळीला गळती लागली. मी आग ओढून बाहेर काढायला लावली. वाफ बसली, काटा खाली आला, इंजिन गप. केवळाबाई मटकन खाली बसल्या. "अकराव्यालाच? पुन्यांदा अकराव्यालाच गं बाई?"

"आक्का, रडायचं असंल तर घरी जाऊन रडा!" मी ओरडलो. मग त्यांचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली. मी शेजारी टेकलो. मॅडमही येऊन उभ्या राहिल्या.

मग त्यांनी सांगितली ती त्रेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भुजंगरावांना लेक झाली होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी. बाराव्या दिवशी बारसं, म्हणून केवळाबाई कुंची शिवून, घुगऱ्यांचे हरभरे घेऊन आदल्या दिवशी लातूरला पोचल्या. पोर त्याच सकाळी गेलं होतं. भुजंगराव एकतीस नंबरवर होते, त्यांना पुढच्या स्टेशनात निरोप मिळाला. पुन्हा त्या घरात पाळणा हलला नाही.

"नाव आत्याच्या तोंडात असतं, संगमेश्वर. कानात सांगोस्तोर कुणाला सांगायचं न्हाई. वहिनीनं मरताना इचारलं, काय ठेवनार होता वो? मी न्हाई सांगितलं. जिच्या कानात सांगायचं तीच न्हाई, तर ह्यांना कसं सांगू? भुजंग म्हनायचा, आक्का, आता हीच माझी लेक. मी म्हनायची, लोखंडाचं बारसं कुनी करतं का, येड्या?" बाईंनी पदरानं नाक पुसलं. "लई बारशांना गेले. दुसऱ्यांच्या आत्यांच्या पाठीत लई धपाटे घातले. माझी पाठ कोरीच हाय."

  मी उठलो आणि कामाला लागलो.

इंजिन जरा निवल्यावर मी पोत्यावर पालथा पडून आत शिरलो. अंगाची काहिली झाली, कोपरं सोलली. नळीचं तोंड ठोकून, फुगवून घट्ट बसवलं. बॅटरी धरायला दुसरं कुणी नाही, स्वतः मॅडम. दिवस मावळायच्या आत पाणी भरून, दाब देऊन बघितलं. थेंब नाही. "काका, उद्या सकाळी होईल?" मॅडमनी हळूच विचारलं.

"न होऊन जातंय कुठं!"

बाराव्या दिवशी नऊ वाजता काटा जागेवर आला. मॅडमनी स्वतःचं हेल्मेट काढून केवळाबाईंच्या पदरावर बसवलं आणि हात धरून त्यांना इंजिनाजवळ आणलं. तिथं सगळं अडलं. इंजिनाला कान कुठं?

एक पोरगं म्हणालं, शिट्टी. दुसरं म्हणालं, दिवा. मी दोघांवर खेकसलो, पण मलाही सुचत नव्हतं. केवळाबाईंनी मात्र पिशवीतून एक पिवळी पडलेली कुंची काढली. तीच. तिच्यात गुंडाळलेला भुजंगरावांचा दोन फुटी पाना.

"ह्या वाटंनं भुजंग हिचं ऐकायचा," त्या म्हणाल्या. "माझं बी ह्याच वाटंनं जाईल."

 जन्म त्या पान्याशेजारी काढला, मला हे सुचलं नव्हतं. भुजंगराव टेकवायचे त्याच जागी मी पान्याचं टोक धरलं. बाई वाकल्या, दुसऱ्या टोकाला ओठ लावले. "कुर्रर्र..." पाना माझ्या हातात थरथरला. इंजिनाच्या धापेनं का त्यांच्या आवाजानं, ते मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनी तोंड वर केलं आणि त्रेचाळीस वर्षं गिळलेलं नाव मोठ्यांदा सांगितलं.

"सुकन्या!"

कुणी पुढं होईना. बाई तशाच वाकून उभ्या. "आरं, मारा की! का पाठ अशीच घिऊन जाऊ?"

"आमच्यात बी आत्याला सोडत न्हाईत," मॅडम म्हणाल्या. त्यांना असं गावाकडचं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. पहिला धपाटा त्यांचा. मग वेल्डिंगवाली पोरं, रंगारी, चहावाली सिंधू, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. केवळाबाई हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "वहिनीच्या वाटनीचा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बारशात पुरुषानं मारायची रीत नाही, म्हणून पोरांनी मारलं तरी मी मागंच राहिलो होतो. मी हात पुसला आणि हलकेच पाठीवर ठेवला.

"असा न्हाई. तिचा हात लई जड होता. नीट मार."

मग मी नीट मारला.