हलक्या हाताचा सूड

सूड घेणारी माणसं तोंडाने कडू आणि हाताने जड असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती मोडली माझ्याच एका विद्यार्थिनीने. तान्ह्या बाळाच्या पाठीवर ती इतकं हलकं बोट ठेवते की झोपलेलं बाळ कूससुद्धा बदलत नाही. आणि याच बाईने एका माणसासाठी मनातली सुरी अकरा वर्षं घासून धारदार ठेवली होती.

लहानपणापासून ती तशीच. तिसरीत शेजारच्या मुलीने तिचं खोडरबर दातांनी कुरतडलं. ही रडली नाही, माझ्याकडे तक्रार घेऊन आली नाही. चौथीच्या शेवटच्या दिवशी तिने त्या मुलीचं नवंकोरं खोडरबर मागून घेतलं, सावकाश दात उमटवले आणि परत दिलं. मी रागावले तेव्हा शांतपणे म्हणाली, "बाई, जास्त नाही चावलं. तिच्याइतकंच."

ती कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे पाठीचे मणके आणि सांधे हातांनी मोकळे करणारी. मोठ्या माणसांना ती घेत नाही. तिच्याकडे येतात फक्त दूध ओकणारी बाळं. प्यायलेलं दूध परत घशाशी येतं, जळजळतं, बाळ धनुष्यासारखं ताठ होऊन रडतं आणि घरातली सगळी माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. चष्म्याचं दुकान आणि शिवणयंत्र दुरुस्तीवाला यांच्यामध्ये तिची खोली आहे. आत एक मऊ टेबल, पाजायला बसायची एक रुंद खुर्ची, पाहुण्यांसाठी दोन साध्या खुर्च्या आणि धुतलेल्या टॉवेलांची चळत. त्या खोलीतून कोरड्या खांद्याने कुणी बाहेर पडत नाही.

पहिला अर्धा तास ती बाळाला हातही लावत नाही. "आधी पाजा, मी बघते," एवढंच म्हणते. मग हात शेगडीवर शेकते, आणि टोमॅटो पिकलाय का हे बघताना आपण जेवढं दाबतो, तेवढंच दाबते. एखादं बाळ सैल होतं, एखादं होत नाही. ती उगाच फुशारकी मारत नाही. आयांना सरळ सांगते, "बरीचशी बाळं बसायला लागली की आपसूक ओकायची थांबतात. तोवर मी बाळाला जरा निवांत करते आणि तुम्हाला जरा धीर देते. याहून मोठं काही करते असं कुणी सांगितलं, तर ते त्यांचं प्रेम." आणि वजन वाढत नसेल, किंवा ओकारी हिरवी असेल, तर खुर्चीवर बसूही न देता इस्पितळात पिटाळते.

तिची आणखी एक रीत आहे. बाळाला आधी ज्याने कुणी चोळलं, दाबलं असेल, मग ती आजी असो, शेजारीण असो की दुसरा कुणी उपचारवाला, त्याने यायचं आणि तिच्या कोपराखालच्या हातावर दाबून दाखवायचं की आपण किती जोर लावला. तोंडाने सगळेच "हळूच हो" म्हणतात. हातावर कळतं.

ही रीत तिने का घातली, ते सांगायचं तर तिला शिकवणाऱ्या सरांबद्दल सांगावं लागेल.

सरांकडे ती सात वर्षं होती. विद्या त्यांचीच, हे ती आजही नाकारत नाही. आखडलेला माणूस वाकून सरांच्या खोलीत जायचा, आतून 'कट' असा आवाज यायचा आणि माणूस ताठ होऊन बाहेर यायचा. लोक त्यांना पाठीमागे 'कटकन सर' म्हणत. सरांना त्या आवाजाची चटक लागली होती. तान्ह्या बाळाच्या अंगातून तसा आवाज येत नाही, येऊही नये. पण आवाज आला नाही की सरांना वाटायचं, काम झालंच नाही. आणि त्यांचा अंगठा आणखी थोडा रुतायचा.

सरांच्या दवाखान्यात ज्याने हात लावला त्याने बाळाच्या कार्डावर आपली खूण करायची असे. सरांची खूण गोल, हिची चांदणी. एका दोन महिन्यांच्या मुलाच्या कार्डावर लागोपाठ तीन गोल पडले. आई म्हणत होती, ओकणं वाढतंय. सर म्हणत होते, "शुक्रवारी आणा, बसेल." चौथ्या वेळी सर बाहेर गेले होते. हिने बाळाचं लाळेरं उचललं, ते हिरवं होतं. हिने त्या बाळाला बोटही लावलं नाही. गाडी बोलावली आणि आईला घेऊन थेट इस्पितळ गाठलं. आतड्याला पीळ पडला होता. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचलं. पण तिथल्या डॉक्टरांना त्याच्या पाठीवर दोन निळसर डाग दिसले आणि त्यांनी विचारलं, हे कुणी केलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाळाचं कार्ड नवं होतं. त्यावर तीन चांदण्या होत्या.

वाचवलं हिने आणि बोल लागला हिलाच. तिचं म्हणणं ऐकायला कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. सरांचे केस पांढरे, कोट पांढरा. हिचं वय एकतीस. नोकरी गेली. चार वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. आणि त्या मुलाची आई, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली, भर रस्त्यात म्हणाली, "हात झडोत तुझे." त्यानंतर हिला समोर पाहिलं की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. पुढे हिने स्वतःची खोली घेतली ती इकडे, तिचं दुकान समोर. सात वर्षं रोज.

मी एकदा म्हटलं होतं, "सोड आता. क्षमा करणारा मोठा असतो."

"बाई," ती म्हणाली, "मला मोठं नाही व्हायचं. मला बरोबर व्हायचंय."

मागच्या महिन्यात दुपारी तिच्या दारात सरांची मुलगी उभी राहिली. कडेवर तीन महिन्यांची पोर, खांद्यावर ओला टॉवेल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ही मुलगी शाळेत होती तेव्हा हिला 'ताई ताई' करत मागे फिरायची. चांदण्यांचं कार्ड पाहिल्यापासून तिने ओळख टाकली होती. बाळांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की घाबरण्यासारखं काही नाही, वाढीबरोबर जाईल. पण रडणं ऐकवत नव्हतं, आणि कुणीतरी हिचं नाव सुचवलं होतं.

तिच्या मागून सर आत आले. "मी फक्त बघायला आलोय," ते म्हणाले. "काय गं, बरं चाललंय म्हणे तुझं."

"चाललंय. बसा सर. ती खुर्ची डगमगते, दुसरी घ्या."

मला सांगताना ती म्हणाली, "बाई, खरं सांगते, डगमगतीच द्यावीशी वाटत होती."

तिने मुलीला पाजायला बसवलं. बाळाने जवळजवळ अख्खी बाटली पाच मिनिटांत, गटागटा, ठसका खात संपवली. थोडं दूध तळाशी उरलं होतं. हिने बाटली उलटी धरली. थेंब पडायला हवे होते, धार लागली.

"बाटलीच्या रबरी बुचाचं भोक कुणी मोठं केलं?"

मुलगी घुटमळली. "बाबांनी. गरम सुईने. तिला ओढायला त्रास होत होता म्हणून."

"विहिरीचा पंप लावलात की सर नातीला," ती म्हणाली. सर छताकडे बघायला लागले.

मग तिने हात शेकले. पोरीला आपल्या छातीशी उभं धरलं, मानेमागे दोन बोटं, बरगड्यांच्या कडेला करंगळी. दहा मिनिटं खोलीत फक्त शेजारच्या शिवणयंत्राचा आवाज होता. पोरीच्या मुठी उघडल्या, पाय लांब झाले.

"आवाज नाही आला," सर म्हणाले.

"झोपलीय ती, सर. हळू बोला."

तिने मुलीला सांगितलं की बूच नवं आणायचं, थांबत थांबत पाजायचं, नंतर अर्धा तास उभं धरायचं. आठ दिवसांनी फरक नाही दिसला तर डॉक्टरांकडेच परत जायचं, आपल्याकडे नाही. मग बाही कोपरापर्यंत वर केली.

बाळाला आधी कुणी चोळलं, हा प्रश्न ती नेहमी सुरुवातीलाच विचारते. त्या दिवशी तिने मुद्दाम शेवटी ठेवला. "बाळाला ओलीस ठेवून सूड घेतला असता, तर सर आणि मी एकाच माळेचे मणी," असं मला म्हणाली. "पोर मोकळी केली, मग माझे हात मोकळे."

"आधी कुणी हात लावला होता?"

"बाबांनी. पाच वेळा."

"मग सर, दाखवा. किती जोर लावलात?"

सर हसले. उठून त्यांनी तिच्या हातावर अंगठा ठेवला, माशी बसावी तसा.

"बाबा," मुलगी म्हणाली, "असं नव्हतं."

"तू बघत होतीस का?"

"मीच धरलं होतं तिला. किंचाळली होती ती." मुलीने पुढे येऊन स्वतःचा अंगठा ताईच्या हातावर ठेवला आणि नख पांढरं होईपर्यंत दाबला. "असं होतं."

अंगठा उचलला तिथे आधी पांढरा आणि मग लाल डाग उमटला. ती हात तसाच पुढे धरून उभी राहिली. हा क्षण आपण अकरा वर्षं शिजवला होता, असं ती मला नंतर म्हणाली. पण तेव्हा तिचा आवाज एक पट्टीही वर गेला नाही.

"इस्त्रीवालीच्या मुलालाही असंच ना, सर?"

"जुनी गोष्ट आहे," सर म्हणाले.

"तुमच्यासाठी जुनी."

मुलगी दोघांकडे बघत होती. "पण ताई, ते तर तू... कार्डावर चांदण्या होत्या. बाबांनी दाखवल्या मला."

"होत्या खऱ्या. कुणी काढल्या, ते विचार."

मुलीने झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं आणि वडिलांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "हिच्याकडे बघून सांगा, बाबा."

सरांनी पोरीकडे बघितलं, मग खिडकीकडे. "दवाखाना बंद पडला असता. घर त्याच्यावर चाललं होतं. तुला कॉलेजात जायचं होतं."

"माझं नाव घालू नका त्यात," मुलगी म्हणाली.

शेवटी सर म्हणाले, "चुकलं माझं. झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "मला कशाला सांगता? मला माहीत आहे. कोपऱ्यावर जाऊन सांगा. या वेळी गर्दी असते तिथे, बरं आहे."

"अगं, म्हातारा माणूस आहे मी."

"अकरा वर्षांपूर्वी नव्हता."

"आणि नाही गेलो तर?"

"तर काही नाही. पोरीला मी सांगितलं ते कराल, ती बरी होईल. मी कुणाला अडवत नाही." तिने टॉवेलाची घडी घातली. "घरी जाताना गाडीत मात्र तुम्ही दोघंच असाल."

मुलीने पोरगी ताईच्या हातात दिली. "अर्धा तास उभंच धरायचं ना? धर तू. आम्ही आलो." आणि वडिलांच्या कोपराला धरून तिने त्यांना रस्ता ओलांडून नेलं.

ती काचेतून बघत राहिली. दुकानात पाचसहा गिऱ्हाईकं होती. सर बोलले. इस्त्रीवालीच्या हातातली इस्त्री हवेत तशीच राहिली, मग तिने ती सावकाश उभी ठेवली. ती काहीतरी म्हणाली. सर पुन्हा बोलले, या वेळी तोंड जास्त उघडून. ती काय म्हणाली ते मुलीकडून नंतर कळलं: "मागच्यांना ऐकू नाही आलं."

तिच्या खांद्यावर सरांच्या नातीने एवढ्यात ढेकर दिला. दूध बाहेर आलं नाही.

मुलीने परत आल्यावर एकच विचारलं, "आणखी काय करू, ताई?"

"त्यांच्या पाटीवरची खालची ओळ पुसून टाक."

त्या पाटीवर खाली लाल अक्षरांत लिहिलेलं असे, 'तान्ह्या बाळांवरही उपचार'. मुलीने तिथल्या तिथे रंगाऱ्याला फोन लावला. सर दारात उभे होते.

इस्त्रीवाली माफी मागायला आली नाही. पण आता ती रस्ता ओलांडत नाही, याच बाजूने जाते, मान खाली घालून. मी विचारलं, "तू का नाही हाक मारलीस तिला?"

"ती 'हात झडोत' म्हणाली होती, बाई. चालू दे अजून थोडे दिवस मान खाली घालून."

"आता तरी जळजळ थांबली का तुझी?"

तिने जरा विचार केला. "कमी आहे," म्हणाली.

पाटी रंगवायला माणूस आला त्या दिवशी तिने सकाळच्या दोन बाळांना दुपारची वेळ दिली आणि सरांच्या दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. मीही होते. आत पडदा किंचित हलला, पण बाहेर कुणी आलं नाही. रंगाऱ्याने पांढरा रंग फिरवला, शिडीवरून उतरला, ब्रश पुसला आणि डबा बंद करायला लागला. ही उठून रस्ता ओलांडून गेली, मान तिरकी करून पाटी न्याहाळली आणि अगदी गोड आवाजात त्याला म्हणाली, "दादा, 'बाळां' अजून दिसतंय. पुन्हा चढा."

तो पुन्हा चढला. रंग वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही.